दहा रकाने भरण्याआधी

चि. मुक्ता,


तुझं पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही नीट वाचलं. समुपदेशकांनी आखून दिलेल्या त्या यादीप्रमाणे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत एक सामाजिक संस्था काढायची, एक शोधनिबंध छापून आणायचा, 'मॉडेल युनायटेड नेशन्स'च्या तीन परिषदा करायच्या, शंभर तास समाजसेवा भरायची. आणि या सगळ्याला वेळ मिळावा म्हणून तबला सोडायचा. अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळवायला हे एवढं सगळं लागतंच का, असं तू विचारलंस. तुझ्या आईने फोनवर वेगळंच विचारलं: पहिला हप्ता भरून झालाय, दुसरा भरावा की थांबावं? दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून मावशी सविस्तर लिहिते आहे.

आधी आपल्याकडचा हिशेब. तो चोख आहे. जेईई, नीट, एमएचटी-सीईटी यांच्या गुणवत्ता यादीत कोण काय वाजवतं आणि कुठे राबतं याला एकही गुण नाही. दहावीला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली तर सात गुण वाढून मिळतात, खेळाडूंना आणि शास्त्रीय कला शिकणाऱ्यांनाही तशी सवलत असते. पण ती बोर्डाच्या टक्केवारीपुरती. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि कला यांच्यासाठी फार तर पाच टक्के जास्तीच्या जागा असतात. आयआयटी मद्रासने २०२४ पासून पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी, आणि पुढच्या वर्षी कलावंतांसाठीही तशीच सोय केली. तिथेही जेईई ॲडव्हान्स्ड पार करावीच लागते. तुझ्या आवडीच्या गणितात मात्र एक दार खरंच उघडं आहे: होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेतं त्या गणित ऑलिम्पियाडमध्ये वरच्या टप्प्यापर्यंत पोचलेल्यांचा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि आयआयटी मुंबईचा गणित विभाग वेगळा विचार करतात. पुण्याचं फ्लेम किंवा सोनीपतचं अशोका यांच्यासारखी खासगी विद्यापीठं निबंध, मुलाखत आणि शाळेबाहेरचं काम पाहतात. बाकी बहुतेक ठिकाणी गुण एके गुण.

अमेरिकेचं गणित निराळं आहे, पण वाटतं तितकं निराळं नाही. 'अमेरिकेतली कॉलेजं' म्हटलं की आपल्या घरांत हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी एवढीच नावं निघतात. प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये चार वर्षांची पदवी देणाऱ्या १,३६४ संस्थांचे आकडे तपासले. शंभर अर्जांमागे दहापेक्षा कमी जणांना घेणाऱ्या संस्था निघाल्या १७. निम्म्याहून अधिक कॉलेजं तिघांतल्या दोघांना किंवा त्याहूनही जास्त जणांना घेत होती. अशा कॉलेजात चांगले गुण असलेली मुलगी संस्था काढल्याशिवाय जाऊ शकते.

प्रवेशाचं काम करणाऱ्यांची अमेरिकेत एक राष्ट्रीय संघटना आहे. कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देता, असं ती वेळोवेळी कॉलेजांना विचारत असते. २०२३ च्या प्रवेशांबद्दलच्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश कॉलेजांनी शाळेतल्या गुणांना 'खूप महत्त्व' दिलं. शाळेबाहेरच्या उपक्रमांना तेवढं महत्त्व देणारी कॉलेजं शंभरात सहा-सातच निघाली. 'मध्यम महत्त्व' म्हणणारी निम्म्याहून थोडी कमी होती. म्हणजे उपक्रम वाया जात नाहीत, पण गुणांची जागा ते घेत नाहीत. एमआयटीने २०२२ मध्ये एसएटीसारखी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आणि २०२४ मध्ये येल, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनीही तोच रस्ता धरला. अभ्यासात कोण किती पाण्यात आहे हे कळल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही.

मग एवढा गाजावाजा कशाचा? त्या १७ संस्थांचा, आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या शे-सव्वाशे कॉलेजांचा. हार्वर्डविरुद्ध २०१४ मध्ये प्रवेशांवरून खटला दाखल झाला, २०१८ मध्ये त्याची सुनावणी झाली, आणि एरवी कुणाला दिसत नाहीत असे कागद त्यात उघड झाले. एका वर्षी देशातल्या देशातून सुमारे २६ हजार अर्ज आले होते. त्यात ८ हजारांहून अधिक मुलांचे शाळेतले गुण पैकीच्या पैकी होते आणि एसएटीच्या गणितात ३,४०० हून अधिक जणांना पैकीच्या पैकी. प्रवेश द्यायचा होता सुमारे दोन हजार जणांना. अशा ठिकाणी गुणांची चाळण लावून झाल्यावरही अंगण भरून मुलं उरतात, आणि मग बाकीचं सगळं मोलाचं ठरतं.

त्याच कागदांतून कळलं की प्रत्येक अर्जाला अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व असे वेगवेगळे क्रमांक दिले जात. उपक्रमांचा 'एक' म्हणजे देशपातळीवरची कामगिरी किंवा व्यावसायिक दर्जाचा अनुभव. 'दोन' म्हणजे शाळेच्या अंकाचं संपादन, विद्यार्थी प्रमुखपद, वाद्यवृंदाचं नेतृत्व असं शाळेत किंवा आपल्या भागात नाव झालेलं काम. 'तीन' म्हणजे भाग घेतला, ठीक केलं, विशेष काही नाही. समुपदेशकांच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी, मुक्ता, या तीनमध्ये जाऊन बसतात. मॉडेल युनायटेड नेशन्सच्या तीन परिषदा केलेली मुलं एकट्या मुंबई-पुण्यात किती असतील, विचार कर.

त्या कोष्टकातला 'पाच' मात्र तू दोनदा वाच. तो 'चार'च्या खालचा म्हणून लिहिलेला नाही. घरची जबाबदारी किंवा शाळा सांभाळून केलेली नोकरी यामुळे ज्यांचा वेळ रूढ उपक्रमांबाहेर गेला, त्यांच्यासाठी तो वेगळा क्रमांक ठेवला होता. हार्वर्डसारख्या ठिकाणी हे लिहून ठेवलेलं आहे, आणि आपल्याकडे मुलं वडिलांच्या दुकानात बसतात ते अर्जात लिहायला लाजतात.

ही पद्धत मुळात आली कुठून, तेही माहीत असू दे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनमध्ये प्रवेश परीक्षा पार केली की जागा मिळे. स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली हुशार मुलं ती परीक्षा पार करू लागली आणि १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या पाच विद्यार्थ्यांमागे एक ज्यू असे. अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालायचं सुचवलं. ते मान्य झालं नाही. मग १९२६ पासून 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांचं वजन वाढवण्यात आलं, अर्जांना छायाचित्रं जोडावी लागली, आणि जे आकडा लावून करता येत नव्हतं ते अंदाजाने होऊ लागलं. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात हा इतिहास कागदोपत्री मांडला आहे. शंभर वर्षांत तीच चौकट पुष्कळ चांगल्या कामांसाठीही वापरली गेली. गरीब घरातल्या, गावाकडच्या, एकट्याने शिकलेल्या मुलांना त्यामुळेच संधी मिळाली. पण ही चौकट निर्मळ मोजपट्टी आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. हार्वर्डच्या खटल्यातही आशियाई-अमेरिकन मुलं अभ्यासात आणि उपक्रमांत पुढे, पण 'व्यक्तिमत्त्वा'च्या क्रमांकात मागे, असे आकडे फिर्यादींनी ठेवले होते. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंश पाहून प्रवेश देणं बेकायदा ठरवलं. उपक्रम आणि व्यक्तिमत्त्व पाहण्याची रीत तशीच राहिली.

पैशाचा त्यातला हात आणखी मोठा. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये बारा नामांकित संस्थांच्या प्रवेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेत सारखेच गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं तिथे कितीतरी जास्त संख्येने पोचतात. त्याची तीन कारणं त्यांनी दाखवली: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे चढे क्रमांक. पुढच्या आयुष्यातल्या यशाशी मात्र या चढ्या क्रमांकांचा संबंध दिसला नाही. अभ्यासातल्या तयारीचा दिसला.

आता अर्ज प्रत्यक्ष कसा असतो ते बघ, म्हणजे भीती निम्मी होईल. हजाराहून अधिक कॉलेजं 'कॉमन ॲप' नावाचा एकच अर्ज घेतात. त्यात उपक्रमांसाठी दहा रकाने असतात. दहाही भरायलाच हवेत असा नियम नाही. प्रत्येक रकान्यात कामाचा प्रकार निवडायचा, कोणत्या इयत्तेत केलं ते सांगायचं, आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे ते लिहायचं, आणि मग वर्णनाला जागा उरते १५० अक्षरांची. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून. प्रकारांच्या त्या यादीत 'पगारी काम' आहे आणि 'कौटुंबिक जबाबदारी'सुद्धा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा. तिथे वीस नोंदी करता येतात. एमआयटी मात्र फक्त चार उपक्रम विचारतं. ज्या संस्थेकडे जगभरातून सर्वांत हुशार मुलं धावतात तिला चारांवर माणूस ओळखता येतो.

तुझाच एक रकाना भरून बघू. 'वडिलांच्या स्टेशनरी दुकानात मदत' असं लिहिलंस तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. त्याऐवजी: 'रोज संध्याकाळी गल्ल्यावर; उधारीची वही संगणकावर आणली; मागच्या विक्रीवरून जूनमधल्या वह्यांची मागणी काढते.' दीडशे अक्षरांत बसतं आणि सगळं खरं आहे. गेल्या जूनमध्ये दोनशे पानी वह्या संपल्या आणि चित्रकलेच्या वह्यांचे गठ्ठे पडून राहिले, तेव्हा तू तीन वर्षांची बिलं पुढ्यात घेऊन बसली होतीस. उधारीच्या वहीत 'पेठेतले काका', 'निळी स्कूटी' अशा नावांनी लिहिलेली गिऱ्हाइकं शोधून त्यांचे आकडे जुळवलेस. संख्याशास्त्र शिकायचं म्हणणाऱ्या मुलीने याहून चांगला पुरावा कुठून आणायचा?

आणि तबला. तो तू सोडू नयेस, हे मावशीचं ठाम मत आहे. मध्यमा पूर्ण झालेली, सहावीपासून एका गुरूकडे आठवड्यातून तीनदा जाणारी मुलगी अर्जात वेगळी दिसते, कारण सलग सहा वर्षं ऐन वेळी उभी करता येत नाहीत. शिवाय अनेक कॉलेजं अर्जासोबत वादनाची ध्वनिफीत पाठवू देतात आणि ती संगीत विभागातल्या माणसांकडून ऐकून घेतात. तुझा झपतालातला कायदा, त्याचे पलटे आणि शेवटची तिहाई स्वच्छ ध्वनिमुद्रित करून ठेव. एकादशीला भजनी मंडळाला साथ करतेस तेही लिही. तिथे गाणाऱ्या आजींची लय मधेच ओढली जाते आणि ठेका सोडून न देता त्यांना परत समेवर आणावं लागतं. परीक्षेच्या खोलीत हे कुणी शिकवत नाही.

समाजसेवेबद्दल थोडं कळकळीने सांगते. 'संस्था काढ' हा सल्ला आजकाल सर्रास दिला जातो. नाव ठरतं, बोधचिन्ह होतं, इन्स्टाग्रामवर खातं उघडतं, वस्तीतल्या मुलांबरोबर छायाचित्रं निघतात. प्रवेश झाला की संस्थापक विमानात बसतात आणि ती मुलं पुढच्या रविवारी पाटी-पेन्सिल घेऊन वाट बघतात. हे आपल्या हातून होऊ नये. वाचणारेही आता असल्या संस्था ओळखतात. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने जानेवारी २०१६ मध्ये 'टर्निंग द टाइड' नावाचा अहवाल काढला, त्याला पुष्कळ नामवंत कॉलेजांनी पाठिंबा दिला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की सेवा निदान वर्षभर सलग चाललेली असावी, मुलाच्या स्वतःच्या आवडीतून आलेली असावी, घरात लहान भावंडं किंवा आजारी माणसं सांभाळणं हेही तितकंच मोलाचं धरावं, आणि दोन-तीन भरीव उपक्रमांपेक्षा जास्त दाखवण्याचं दडपण मुलांवर नसावं.

आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक शिबिर, असा तिचा नियम. तासांच्या नोंदवहीपायी कित्येक ठिकाणी ती नावापुरती उरली, हेही खरं. पण ज्या गावात मुलांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला, तिथे पाणी पुढे काही आठवडे अडतं आणि गावकऱ्यांना ती मुलं आठवतात. तू कॉलेजच्या शिबिराला गेलीस तर परत आल्यावर त्या बंधाऱ्याचं पुढे काय झालं ते विचारत राहा. पाणी कधी आटलं, गोणी कुठे फाटली, विहिरीला फरक पडला का. सेवा तिथून सुरू होते.

तुझ्या घरापासून फार लांब नसलेलं एक काम सुचवते. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. दरवर्षी फेब्रुवारीत जगभर होणाऱ्या पक्षिगणनेत तिथल्या नोंदीही जातात. कोणीही जाऊन मोजावं, ई-बर्ड या संकेतस्थळावर तारीख-वेळेसह टाकावं. दोन हिवाळे, महिन्यातून एका सकाळी, एकाच मनोऱ्यावरून मोजलंस तर तुझ्याकडे स्वतःची आकडेवारी असेल. तिच्यात चुका कुठे शिरतात, धुक्याच्या दिवशी बदकं कमी का भरतात, हे तुला निबंधात लिहिता येईल. छापील 'शोधनिबंधा'साठी मागितलेले पैसे मात्र देऊ नका. मे २०२३ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेने याच धंद्यावर दीर्घ वृत्तांत छापला: शाळकरी मुलांकडून हजारो डॉलर घ्यायचे, मार्गदर्शक जोडून द्यायचा आणि कुठल्यातरी नियतकालिकात निबंध छापून आणायचा. हे आता कॉलेजांनाही माहीत आहे.

खोटेपणा किती दूर जाऊ शकतो याचं उदाहरण मार्च २०१९ मध्ये अख्ख्या जगाने पाहिलं. रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने श्रीमंत पालकांच्या मुलांना न खेळलेल्या खेळांचे खेळाडू बनवलं, प्रशिक्षकांना लाच दिली, काहींच्या नावाने दुसऱ्यांनी परीक्षाही दिल्या. नौकानयनात कधी न उतरलेल्या मुलींची व्यायामाच्या वल्हवण्याच्या यंत्रावर बसवून छायाचित्रं काढली गेली. पन्नास जणांवर आरोप ठेवले गेले, पालक तुरुंगात गेले, आणि जानेवारी २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. तुझ्या यादीत एवढं काही नाही, हे मावशीला ठाऊक आहे. पण 'शंभर तास भरायचे' यातल्या 'भरायचे' या पायरीवरूनच घसरण सुरू होते.

इंग्लंडचा विचार असेल तर तिथे हे सगळं बाजूलाच ठेव. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे प्राध्यापक विषयातली तयारी पाहतात. विषयाशी जोडलेलं वाचन, केलेली गणितं, ऐकलेली व्याख्यानं यांना ते किंमत देतात, बाकीच्याला जवळपास नाही.

शेवटी पैशाचं, कारण ते यादीत कुणी लिहिलेलं नाही. नामांकित खासगी कॉलेजाचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली तर बहुतेक कॉलेजांत ती गोष्ट प्रवेशाच्या निर्णयातच धरली जाते. न धरणारी आणि गरजेइतकी पूर्ण मदत देणारी मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी. आपल्यासारख्या घराला मॉडेल युनायटेड नेशन्सपेक्षा हा मुद्दा किती तरी जड आहे. म्हणून आधी बाबांबरोबर बसून वर्षाला किती झेपेल तो आकडा काढ आणि मगच कॉलेजांची नावं.

नावं निघाली की प्रत्येक कॉलेजाचा 'कॉमन डेटा सेट' उघड. तो बहुतेक कॉलेजं दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर टाकतात. त्यात 'सी-७' हा तक्ता असतो: गुण, परीक्षा, निबंध, उपक्रम, स्वयंसेवा, नोकरी, प्रत्येकापुढे 'फार महत्त्वाचं', 'महत्त्वाचं', 'विचारात घेतो', 'विचारात घेत नाही' यातल्या एका खणात खूण. उपक्रम आणि स्वयंसेवा या वेगळ्या ओळी आहेत, दोन्ही बघ. आठ-दहा कॉलेजांचे तक्ते शेजारी ठेवलेस की समुपदेशकांना काय विचारायचं ते तुझं तुलाच कळेल. तोपर्यंत आईने दुसरा हप्ता भरू नये.

कॉमन ॲपचा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो, लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ नोव्हेंबर, नंतरच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. हाताशी अजून वर्षभराहून जास्त वेळ आहे. दिवाळीच्या सुट्टीत इकडे येशील तेव्हा तक्ते आणि दुकानाची ती बिलं दोन्ही घेऊन ये, आणि डग्ग्याची शाई उडाली आहे म्हणालीस तर डग्गाही आण. इथल्या ओळखीच्या कारागिराकडून भरून घेऊ.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
मावशी